रोजच्या वापरातील बर्बन : नाव, कायदा आणि किंमत यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

‘बर्बन’ या नावाशी मिळतेजुळते नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे ते बहुधा चॉकलेटच्या बिस्किटामुळे. त्या बिस्किटाचा आणि प्रस्तुत लेखाच्या विषयाचा नावापलीकडे संबंध नाही. येथे विचार करावयाचा आहे तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुख्यतः मक्यापासून तयार होणाऱ्या व्हिस्कीचा. त्यातही लिलावात विकल्या जाणाऱ्या दुर्मीळ बाटल्यांचा नव्हे, तर सामान्य अमेरिकन घरातील कपाटात कायम असणाऱ्या, परवडणाऱ्या बर्बनचा. आपल्याकडे रोजच्या जेवणाचा कोलम वेगळा आणि सणासुदीचा आंबेमोहोर वेगळा, तसा भेद तेथील ग्राहकही करतो. मात्र तांदळाचे हे दोन वाण मुळातच भिन्न असतात. बर्बनच्या बाबतीत वीस डॉलरची बाटली आणि दोनशे डॉलरची बाटली यांत पुष्कळदा धान्य तेच, भट्टी तीच आणि पिंपांचा प्रकारही तोच असतो. मग वाढीव किंमत नेमकी कशासाठी मोजली जाते, हा प्रश्न अर्थशास्त्र, विधी आणि रसायनशास्त्र या तिन्ही विद्याशाखांना स्पर्श करणारा आहे.

स्वस्त बर्बन विश्वासार्ह का असू शकते, याचे उत्तर जिभेपेक्षा कायद्यात अधिक स्पष्टपणे सापडते. बाटलीवरील काही मोजक्या शब्दांना अमेरिकेत कायदेशीर अर्थ आहे, तर काही शब्दांना मुळीच अर्थ नाही. हा फरक ज्यास कळला, त्यास जाहिरातीची गरज उरत नाही.

नावाची कायदेशीर व्याख्या

बर्बन केंटकी राज्यातच तयार व्हावे लागते, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात बर्बन तयार करता येते. देशाबाहेर मात्र तयार केलेल्या मद्यास हे नाव तेथे लावता येत नाही. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे मान्य केले. केंटकीत या उद्योगाचे केंद्रीकरण झाले त्याची कारणे भौगोलिक व ऐतिहासिक आहेत : मक्याचे विपुल पीक, चुनखडीच्या खडकातून झिरपणारे, लोहाचा अंश नगण्य असलेले पाणी आणि ओहायो-मिसिसिपी नद्यांमार्गे न्यू ऑर्लिन्सपर्यंत चालणारा व्यापार.

व्याख्येचे मुख्य घटक असे आहेत. आंबवावयाच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनानंतर मद्याची तीव्रता १६० प्रूफपेक्षा, म्हणजे ८० टक्के अल्कोहोलपेक्षा, अधिक नसावी. (अमेरिकन पद्धतीत प्रूफचा आकडा अल्कोहोलच्या टक्केवारीच्या दुप्पट असतो.) ओकच्या नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपात ते १२५ प्रूफ किंवा त्याहून कमी तीव्रतेने भरावे आणि बाटलीत ते किमान ८० प्रूफ, म्हणजे ४० टक्के, असावे. लेबलवर ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल तर ते किमान दोन वर्षे पिंपात मुरलेले असते आणि त्यात रंग वा स्वाद मिसळलेला नसतो. ‘स्ट्रेट’ बर्बन चार वर्षांहून कमी मुरलेले असेल तर वय लिहिणे बंधनकारक आहे. त्यामुळे ज्या ‘स्ट्रेट’ बाटलीवर वयाचा उल्लेखच नाही, तिच्यातील मद्य किमान चार वर्षांचे आहे, असे निःशंकपणे मानता येते. लेबलवरील मौनालाही अर्थ असण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

यातील प्रत्येक अटीचा चवीशी संबंध आहे. ऊर्ध्वपातन जितक्या अधिक तीव्रतेपर्यंत नेले जाते, तितके मूळ धान्याचे गुण लोप पावतात आणि अखेरीस केवळ शुद्ध मद्यार्क उरतो. ८० टक्क्यांची मर्यादा धान्याची ओळख राखून ठेवते. मक्याखेरीजचे उर्वरित धान्य बहुधा राय आणि मोड आणून वाळवलेले सातू असते. राय तिखट, मसालेदार झाक देते. रायऐवजी गहू वापरल्यास मद्य सौम्य व गोडसर लागते. ‘मेकर्स मार्क’ या प्रसिद्ध बर्बनमध्ये ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के सातू असतात. ‘एव्हन विल्यम्स’ बनविणाऱ्या हेवन हिल कंपनीच्या मिश्रणात ७८ टक्के मका, १० टक्के राय आणि १२ टक्के सातू असतात. ‘फोर रोझेस’ची आसवनी तर धान्याची दोन मिश्रणे आणि यीस्टचे पाच प्रकार यांच्या संयोगातून दहा वेगवेगळी मद्ये तयार करते.

बहुतेक आसवन्या मागच्या घाण्यातील ऊर्ध्वपातनानंतर उरलेले आंबट पाणी पुढच्या घाण्यात घालतात. यास तेथे ‘सावर मॅश’ म्हणतात. दह्याच्या विरजणाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण विरजणात जिवंत जंतू असतात, तर हे पाणी भट्टीतून उकळून आलेले असते. आम्लता योग्य राखून नको असलेल्या जंतूंना अटकाव करणे, एवढेच त्याचे कार्य. एकोणिसाव्या शतकात जेम्स क्रो या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने केंटकीत या पद्धतीला शास्त्रीय शिस्त लावली. स्वस्त बाटलीची चव वर्षानुवर्षे सारखी राहते त्याचे एक कारण येथे आहे.

पिंपातील रसायन

नव्याने गाळलेले मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. बर्बनला असलेला तांबूस रंग आणि तिच्या सुगंधाचा फार मोठा भाग लाकडातून येतो. ओकमधील लिग्निन उष्णतेने विघटित होऊन त्यातून व्हॅनिलिन निर्माण होते. व्हॅनिलाच्या शेंगेत असणारे हेच ते संयुग. हेमिसेल्युलोजपासून साखरी द्रव्ये तयार होतात आणि पिंप जाळताना ती करपून कॅरमेलसारखी चव देतात. ओकमधील लॅक्टोनांमुळे नारळासारखा गंध येतो. जळालेल्या पृष्ठभागावरील कोळशाचा थर गंधकयुक्त अप्रिय संयुगे शोषून घेतो. केंटकीतील कडक उन्हाळा आणि थंड हिवाळा यांमुळे मद्य लाकडात शिरते आणि पुन्हा बाहेर येते.

पिंप प्रत्येक वेळी नवे हवे, ही अट १९३० च्या दशकात, दारूबंदी उठल्यानंतर, नियमांत आली. तिचा रोजच्या ग्राहकाला झालेला लाभ पुरेसा ओळखला गेलेला नाही. स्कॉच व्हिस्की बहुधा एकदा वापरलेल्या पिंपात मुरते, आणि त्यांपैकी पुष्कळ पिंपे केंटकीतूनच स्कॉटलंडला जातात. वापरलेले लाकूड सावकाश गुण देते, म्हणून तेथे दहा-बारा वर्षांची प्रतीक्षा सामान्य ठरते. नवे जळके लाकूड आपला ठेवा पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणात सोडते. चार ते सहा वर्षांचे बर्बन पूर्णपणे तयार वाटू शकते ते यामुळे. उलट, फार वर्षे नव्या ओकमध्ये राहिलेले बर्बन टॅनिनमुळे तुरट होण्याचा धोका असतो. ‘जितके जुने तितके चांगले’ हा नियम बर्बनला सरसकट लावता येत नाही.

१८९७ चा कायदा : ग्राहकसंरक्षणाचा आरंभ

रोजच्या बर्बनची निवड करताना जे शब्द सर्वांत उपयुक्त ठरतात ते ‘बॉटल्ड-इन-बाँड’ होत, आणि त्यांचा इतिहास तपशिलात पाहण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व्हिस्की म्हणून जे विकले जाई, त्यातील बराच भाग शुद्ध मद्यार्कात जळकी साखर, प्रून फळाचा रस आणि अन्य द्रव्ये मिसळून बनवलेला असे. दुकानदार पिंपातून मद्य काढून देई आणि त्या पिंपात काय भरले आहे हे गिऱ्हाइकास कळण्याचा मार्ग नव्हता. १८७० साली लुइव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी ‘ओल्ड फॉरेस्टर’ केवळ मोहोरबंद बाटल्यांतून विकण्यास सुरुवात केली, ती या अविश्वासाच्या पार्श्वभूमीवर.

खासगी मोहोर पुरेशी नव्हती. केंटकीतील आसवनीचालक कर्नल ई. एच. टेलर आणि तत्कालीन अर्थमंत्री जॉन जी. कार्लाइल यांच्या प्रयत्नांतून १८९७ साली ‘बॉटल्ड-इन-बाँड’ कायदा मंजूर झाला. त्यानुसार हे शब्द लावावयाचे असतील तर मद्य एकाच आसवनीत, एकाच हंगामात (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर) गाळलेले असावे, सरकारी देखरेखीखालील बाँडेड वखारीत किमान चार वर्षे मुरलेले असावे आणि नेमक्या १०० प्रूफवर, म्हणजे ५० टक्क्यांवर, बाटलीबंद केलेले असावे. ते कोठे गाळले याचा उलगडाही लेबलवर असावा. अमेरिकेचा शुद्ध अन्न व औषध कायदा १९०६ चा आहे. म्हणजे व्हिस्कीच्या ग्राहकास हे संरक्षण नऊ वर्षे आधी मिळाले. दूध आणि औषधे यांच्याआधी व्हिस्कीची शुद्धता राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत यावी, यात त्या समाजाचे प्राधान्यक्रम दिसतात असे कोणी म्हटल्यास त्याचा प्रतिवाद करणे कठीण आहे. अर्थात कायद्यामागे टेलर यांच्यासारख्या उत्पादकांचा भेसळ करणाऱ्या स्पर्धकांना शह देण्याचा हेतूही होता. स्वार्थ आणि लोकहित एका वाटेने चालले, एवढेच.

पुढे ‘व्हिस्की म्हणजे काय’ हा वाद इतका वाढला की १९०९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना स्वतः निर्णय द्यावा लागला. धान्याच्या शुद्ध मद्यार्काचे मिश्रण असलेल्या व्हिस्कीस त्यांनी ‘ब्लेंडेड’ ठरवले आणि न मिसळलेल्या, मुरवलेल्या व्हिस्कीसाठी ‘स्ट्रेट’ हा शब्द राखून ठेवला. आज बाटलीवर दिसणारा हा भेद त्या निर्णयातून रूढ झाला.

किंमत कशाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. किमतीचा पहिला खरा घटक म्हणजे काळ. सुमारे २०० लिटरच्या पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. यास तेथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. ही घट वर्षाला ४ टक्के धरली तर चार वर्षांनी सुमारे १७० लिटर उरतात आणि बारा वर्षांनी सुमारे १२३. शिवाय वखारीचे भाडे, अडकलेले भांडवल आणि केंटकीत मुरत्या पिंपांवर आकारला जाणारा मालमत्ता कर यांचा भार असतो. (तो कर २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४३ पर्यंत संपवण्याचा कायदा त्या राज्याने २०२३ मध्ये केला.) तेव्हा बारा वर्षांची बाटली चार वर्षांच्या बाटलीहून महाग असणे न्याय्य आहे. पण वरील हिशेबाने ती दुप्पट-तिप्पट महाग असावी; दहापट महाग असण्याचे समर्थन या घटकांतून मिळत नाही. तो उरलेला भाग दुर्मिळतेचा आणि नावाचा.

याचे उत्तम उदाहरण ‘वेलर’ हे होय. गव्हाचे मिश्रण असलेले हे बर्बन एके काळी सहज मिळणारे, साधेसुधे मानले जाई. त्याच बफेलो ट्रेस आसवनीत तयार होणाऱ्या, गव्हाच्याच ‘पॅपी व्हॅन विंकल’ची कीर्ती वाढली, तसे ग्राहक त्याच्या या धाकट्या भावंडामागे धावले आणि तेही दुकानांतून दिसेनासे झाले. मद्यात फरक पडला नव्हता. मागणीत पडला होता.

‘स्मॉल बॅच’ हा शब्दही किंमत वाढवतो. किती पिंपे एकत्र केली म्हणजे ‘लहान’ घाणा म्हणावा, याची कायद्यात व्याख्या नाही. याउलट लेबलवर मद्य गाळल्याचे राज्य बाटली भरल्याच्या राज्याहून वेगळे असेल तर ते सांगावे लागते. इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथील एका मोठ्या कारखान्यात गाळलेले मद्य अनेक नव्या कंपन्या आपल्या नावाने विकत आल्या आहेत. ते मद्य वाईट असते असे नाही. पण आजोबांच्या पाककृतीची कथा छापलेल्या बाटलीच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत ‘इंडियाना’ दिसले, तर त्या कथेचे मूल्य वजा करून किंमत पाहावी.

कराचे गणितही रोजच्या ग्राहकाच्या बाजूचे आहे. अमेरिकेचा संघीय उत्पादन कर मद्याच्या किमतीवर नव्हे, तर त्यातील अल्कोहोलवर बसतो. सर्वसाधारण दर प्रूफ गॅलनला, म्हणजे ५० टक्के तीव्रतेच्या ३.७८५ लिटरला, १३.५० डॉलर आहे. त्यानुसार ५० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीवर सुमारे २.६७ डॉलर आणि ४० टक्क्यांच्या बाटलीवर सुमारे २.१४ डॉलर कर पडतो, मग बाटली वीस डॉलरची असो वा दोनशेची.

भारतात स्थिती वेगळी आहे. येथे सीमाशुल्क मूल्यावर आकारले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील एकूण शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले (५० टक्के मूळ सीमाशुल्क व ५० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार). राज्याचे कर त्यावर वेगळे. त्यामुळे केंटकीतील रोजची बाटली मुंबईत पोहोचेपर्यंत रोजची राहत नाही. येथील ग्राहकास ‘व्हिस्की’ या शब्दाचा अर्थही तितका निश्चित मिळालेला नाही. मळीपासून काढलेला मद्यार्क असलेली पेये भारतात त्या नावाने विकली जातात, तर युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच असावी लागते.

घरातील बाटली

अमेरिकन घरात अशा एका बाटलीकडून तीन कामांची अपेक्षा असते : ती नुसती पिता यावी, बर्फासह टिकावी आणि मिश्रपेयात हरवू नये. या कसोटीवर तीव्रता हा घटक वयाहून महत्त्वाचा ठरतो. ४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर बर्बनमध्ये बर्फाचे ३० मिलिलिटर पाणी मिसळले की तीव्रता २७ टक्क्यांच्या आसपास येते आणि चव विरळ होते. ५० टक्क्यांचे बर्बन त्याच स्थितीत ३३ टक्क्यांवर राहते. ‘ओल्ड फॅशन्ड’ या पेयात साखर, बिटर्सचे थेंब आणि संत्र्याच्या सालीचा अर्क पडतो. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे मद्य, साखर, पाणी व बिटर्स अशी जी व्याख्या दिली, तिचाच हा आजचा अवतार. लिंबू आणि साखर घालून केलेल्या ‘व्हिस्की सावर’मध्ये तर दुबळे मद्य जाणवतही नाही.

म्हणून एकच बाटली निवडावयाची तर ‘एव्हन विल्यम्स’च्या पांढऱ्या लेबलच्या बॉटल्ड-इन-बाँड बर्बनला अग्रस्थान द्यावे लागते. वर वर्णिलेल्या १८९७ च्या सर्व अटी ती पाळते आणि अमेरिकेत वीस डॉलरच्या आसपास मिळते. तिच्या निर्मात्या कंपनीची बार्ड्सटाउन येथील आसवनी ७ नोव्हेंबर १९९६ रोजी आगीत भस्मसात झाली. त्यानंतर १९९९ मध्ये कंपनीने लुइव्हिलची बर्नहाइम आसवनी विकत घेतली. आसवनीचा नोंदणी क्रमांक लेबलवर वाचता येतो, हे या प्रकारच्या बाटलीचे खास सुख. किंचित अधिक खर्च करता आल्यास ‘वाइल्ड टर्की १०१’ (५०.५ टक्के) विचारात घ्यावी. तिची पिंपे अधिक खोलवर जाळलेली असतात आणि चव त्यामानाने दमदार असते. ज्यांना सौम्य चव हवी त्यांनी गव्हाचे ‘मेकर्स मार्क’ (४५ टक्के) पाहावे. ‘जिम बीम’चे पांढरे लेबल (४० टक्के) सर्वत्र मिळते आणि प्रामाणिक आहे, बर्फात मात्र ते लवकर हार मानते.

पुरवठ्याची स्थितीही सध्या अनुकूल दिसते. २०२५ च्या आरंभी केंटकीच्या वखारींत १ कोटी ६० लाखांहून अधिक पिंपे मुरत होती, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या तिपटीहून अधिक. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जिम बीमने क्लेरमाँट येथील मुख्य आसवनीतील उत्पादन २०२६ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. चार वर्षांनंतरच्या मागणीचा अंदाज आज बांधून मद्य गाळावे लागते, त्यामुळे या धंद्यात टंचाई आणि अतिसाठा यांची आवर्तने नवी नाहीत. १९७० च्या दशकानंतर मागणी घसरली तेव्हाही वखारी भरलेल्या होत्या, आणि १९८४ साली एल्मर टी. ली यांनी ‘ब्लँटन्स’ हे एकाच पिंपातून भरलेले बर्बन बाजारात आणले ते त्याच मंदीच्या काळात.

तीव्र बर्बन किफायतशीर असते, कारण ५० टक्क्यांच्या एका बाटलीत ४० टक्क्यांच्या सव्वा बाटलीइतके अल्कोहोल असते. या हिशेबाची दुसरी बाजू पेल्यात दिसते. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. ४० टक्क्यांच्या बर्बनचे ते ४४ मिलिलिटर, ५० टक्क्यांचे केवळ ३५ मिलिलिटर. आपल्याकडील ६० मिलिलिटरचा मोठा पेग ५० टक्क्यांच्या बाटलीतून भरला, तर त्यात सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल जाते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन प्रमाणित पेये. ‘रोजचे’ हे विशेषण बाटलीच्या किमतीला लागू आहे, पिण्याच्या वारंवारतेला नव्हे. अल्कोहोलची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रात तर असे मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात.

साठवणीविषयी थोडे सांगणे पुरेसे आहे. वाइनची बाटली आडवी ठेवतात म्हणून बर्बनचीही ठेवू नये. तीव्र अल्कोहोलने बूच झिजते. ती उभी, उन्हापासून दूर ठेवावी. बाटलीत गेल्यावर मद्य मुरत नाही, त्यामुळे दहा वर्षे न उघडता ठेवलेले चार वर्षांचे बर्बन चार वर्षांचेच राहते. उघडलेली बाटली तळाशी आली की आतील हवेने तिचा सुगंध महिन्यागणिक मंदावतो. उरलेले मद्य लहान बाटलीत काढून ठेवणे हा त्यावरचा उपाय, आणि महागड्या बाटल्यांचे संग्राहक तो करतात. स्वस्त बाटलीला बहुधा फिरकीचे झाकण असते, आणि ती त्या अवस्थेस पोहोचण्यापूर्वी पाहुण्यांनी संपवलेली असते.